आजोबांची पेटी : दोन्ही दिशांना धावणारं इंजिन



मी सध्या लेकाकडे बहारीनला आहे. इथे १९३२ साली तेल लागलं, डिझेल इथल्याच रिफायनरीत तयार होतं, पण रेल्वे मात्र नाही. परवा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही मुंबईकडच्या शेडमध्ये काय दुरुस्त करायचात?"

"डब्ल्यूडीएम-२," मी म्हटलं. त्याला हसूच आलं. हे काय नाव झालं?

तर ऐका. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मालगाडी आणि पॅसेंजर दोन्ही ओढणारं. अमेरिकेच्या अल्को कंपनीची ही इंजिनं १९६२ साली भारतात आली. १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनू लागली. अल्को १९६९ साली बंद पडली, तरी वाराणसीत ती पुढे कित्येक वर्षं बनत राहिली!

यात डिझेल थेट चाकं फिरवत नाही बरं का. १६ सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं इंजिन जनरेटर फिरवतं. त्याची वीज सहा मोटरींना मिळते आणि त्या चाकं फिरवतात. थोडक्यात, रुळावर धावणारं वीजघरच.

कोळशाचं इंजिन उलट न्यायचं तर बहुधा टर्नटेबलवर फिरवून घ्यावं लागे, आजी-आजोबांना आठवत असेल. डब्ल्यूडीएम-२ ला ती गरज नव्हती. केबिन एका टोकाजवळ. तिच्या एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला लांब. आत चालवायच्या जागा दोन, म्हणून कुठल्याही दिशेला निघा.

पण लांब नाक पुढे असलं की वळणावर ड्रायव्हरला पलीकडचा सिग्नल दिसत नसे. तो असिस्टंटने बघून मोठ्याने सांगायचा, ड्रायव्हरने तोच शब्द परत उच्चारायचा.

एकदा ट्रायलला मी केबिनमध्ये होतो. वळण आलं आणि असिस्टंट गप्प! त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. ड्रायव्हरने क्षणभर वाट पाहिली आणि ब्रेक मारला. गाडी थांबल्यावर वाकून पाहिलं, तर पुढे लाल सिग्नल. माझे पाय लटपटले.

ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "ऐकू आलं नाही म्हणजे लाल समजायचं."

नातू आता जिन्यावरून उतरताना माझा हात धरतो आणि ओरडतो, "पायरी!" मीही म्हणतो, "पायरी!"

मुलांनो, गृहपाठ : आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या गावच्या गाडीला कुठलं इंजिन होतं? उत्तर लिहून पाठवा. पुढच्या अंकात भेटूच.