वाचलं की बाटतं म्हणे!

परवा रात्रीपासून मला नऊ फोन आले. चार ओळखीचे, बाकीचे नंबर सेव्ह नसलेले. प्रश्न सगळ्यांचा एकच. "पत्रकारसाहेब, लोहाऱ्यात धर्मांतराचा कार्यक्रम चालू केलाय म्हणे तुम्ही?" एकानं पुरावा म्हणून फोटो पाठवला. स्टँडजवळचं हॉटेल, टेबलावर चहाचे तीन कप, दोन पुस्तकं आणि आम्ही तिघं. एक पुस्तक बायबल. त्याच्याभोवती लाल गोल काढलेला. दुसऱ्याभोवती गोल नाही. ते होतं डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं 'तिमिरातुनी तेजाकडे'. फोटो काढणाऱ्याला ते ओळखू आलं नसावं. ओळखू आलं असतं तर दोन गोल काढले असते, ही माझी खात्री आहे.

तर काय चाललंय ते मीच सांगून टाकतो. पोस्ट लांब आहे, निवांत बसून वाचा.

माझे दोन मित्र आहेत. नावं देत नाही, कारण उद्या त्यांनाही नऊ फोन येतील. एक सर आहेत, सास्तूरचे, पक्के नास्तिक. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यक्रम शाळाशाळांत करतात. दुसरे पास्टर. पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी प्रार्थना घेतात, वीस-पंचवीस माणसं येतात. दोघांची माझ्यासमोर जुंपली. सर म्हणाले, बायबल म्हणजे नुसत्या भाकडकथा. पास्टर म्हणाले, अनीसवाले म्हणजे देवाचे वैरी, माणसाला जनावर करायला निघालेत. मी दोघांना एकच विचारलं, "वाचलंय का?" सरांनी बायबल वाचलं नव्हतं, इंटरनेटवर आलेली विसंगतींची यादी वाचली होती. पास्टरांनी दाभोलकर वाचले नव्हते, कुणाचं तरी प्रवचन ऐकलं होतं.

मग ठरलं. सरांनी बायबल वाचायचं, पास्टरांनी दाभोलकर, आणि सहा रविवार दुपारी चहाला बसायचं. अट माझी एकच होती. चूक सापडेल तिथं खूण करायची नाही. पटेल तिथं पेन्सिलची रेघ मारायची.

पहिले दोन रविवार वाया गेले, हे प्रामाणिकपणे सांगतो. दोघंही दारूगोळा घेऊन आले. सर म्हणाले, उत्पत्तीच्या पुस्तकात उजेड पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी, हे कसं? मत्तयातली येशूची वंशावळ लूकच्या वंशावळीशी जुळत नाही, हे कसं? पास्टर म्हणाले, देव नाही तर नीती कुठून आणणार, चोरी का करायची नाही? ही वकिली झाली. समोरच्याची फाईल चाळायची ती फक्त उलटतपासणीसाठी. एकाच्याही पुस्तकात पेन्सिलची एक रेघ नव्हती.

आणि ही वकिली आपल्याकडं आजची नाही. १८५७ साली जानेवारी ते मे, दर गुरुवारी, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद झाले. माणसं गर्दी करून ऐकायची. बुवा नास्तिक नव्हते, वेदांचे कट्टर अभिमानी होते. बायबलवर प्रश्न विचारून ते मिशनऱ्यांना हैराण करत. समोरच्या बाजूला जॉर्ज बोवेन नावाचा अमेरिकन होता. त्या वादाचं इंग्रजी पुस्तक त्यानंच काढलं. पण गंमत अशी, की हा बोवेन तरुणपणी स्वतःच धर्म न मानणारा होता. त्याची वाग्दत्त वधू वारली. जाताना तिनं आपलं बायबल त्याच्यासाठी ठेवलं आणि रोज वाच म्हणून सांगून गेली. तो वाचत राहिला, विश्वास नसताना, केवळ तिच्या शब्दाखातर. पुढं तो ख्रिस्ती झाला, १८४८ साली मुंबईला आला आणि मरेपर्यंत चाळीस वर्षं तिथंच गरिबांच्या वस्तीत राहिला. किनाऱ्यावरच्या त्या पाच महिन्यांत कुणी कुणाचा झाल्याचं माझ्या वाचनात नाही. हरवायला कुणी समोर नसताना वाचलेल्या पुस्तकानं मात्र एका माणसाचं आयुष्य उलटंपालटं केलं.

आता फोनवाले म्हणतील, "बघा, तुम्हीच कबूल केलं. वाचलं की बाटतं!" थांबा. अजून एक तुमच्या सोयीचं उदाहरण मीच देतो. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, मराठी ब्राह्मण, मोठे विद्वान. मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून त्यांचे ग्रंथ वाचले, संस्कृतात उत्तर लिहिलं, आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. झालं समाधान? आता उलटी बाजू ऐका. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बायबल वाचलं, मिशनऱ्यांशी मैत्री ठेवली, त्यांचे मित्र बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले. जोतीराव झाले नाहीत. त्यांनी थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं आणि पुढं स्वतःचा सत्यधर्म उभा केला. डॉ. अब्राहम कोवूर, ज्यांचं नाव आपले अनीसवाले आदरानं घेतात, ते केरळातल्या मार थोमा चर्चच्या धर्मगुरूचे चिरंजीव. बायबल त्यांच्या घरातच होतं. ते नास्तिक झाले.

पेनचंच बघा. 'एज ऑफ रीझन' हे पुस्तक लिहून त्यानं बायबलवर तोफ डागली. पहिला भाग लिहिताना त्याच्याजवळ बायबलची प्रत नव्हती, आठवणीवर लिहिलं. हे त्यानंच कबूल केलंय. दुसऱ्या भागाच्या वेळी प्रत मिळवली, आणि वाचून त्याचं मत आणखी कडक झालं. ख्रिस्ती लोक त्याला नास्तिक म्हणून शिव्या देत राहिले, आणि आपल्यातले काही नास्तिक त्याला आपला म्हणून मिरवत राहिले. खरं तर पेन एका देवाला मानत होता. तसं त्यानं पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. शिव्या देणाऱ्यांनी आणि मिरवणाऱ्यांनी ते पहिलं पान तरी उघडायला हवं होतं की नाही?

म्हणजे वाचून माणूस कुठंही जाऊ शकतो. ज्याला हे चालत नाही त्यानं सरळ सांगावं, की माझा माझ्या धर्मावर किंवा माझ्या नास्तिकपणावर भरवसा नाही. दीडशे रुपयांच्या पुस्तकानं जो धर्म मोडतो तो आधीच तडकलेला होता. ते खापर पुस्तकावर कशाला फोडता?

आता तिसऱ्या रविवारचं सांगतो, कारण ही पोस्ट खरं तर त्यासाठीच लिहितोय.

सर त्या दिवशी उशिरा आले. बायबल टेबलावर ठेवलं, उघडलं, आणि मला रेघ दाखवली. एक नाही, पानंच्या पानं रेघा. ईयोबाचं पुस्तक. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ईयोब हा भला माणूस. एका दिवसात त्याची गुरंढोरं जातात, घर कोसळून लेकरं मरतात. समाचाराला आलेले मित्र त्याला पटवत बसतात, की तू काहीतरी पाप केलं असशील, त्याशिवाय देव असं करत नाही. ईयोब ऐकत नाही. तो देवालाच जाब विचारतो. आणि शेवटी देव कुणावर रागावतो? जाब विचारणाऱ्यावर नाही इतका त्या मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो.

सर सास्तूरचे आहेत, हे मी वर लिहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या तालुक्यात कुणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती शिरवून आलेली माणसं झोपली, ती चार वाजायच्या आत दगडामातीच्या भिंतींखाली गेली. सरांच्या घरातली तीन माणसं गेली. ते तेव्हा शिकायला बाहेर होते. पुढचे कित्येक महिने त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये हेच ऐकलं, की गावाचं पाप भरलं होतं, देवाचं काहीतरी चुकलं होतं. माळकऱ्यानं सांगितलं, मदतीचं सामान घेऊन आलेल्या एकानंही सांगितलं. तेव्हापासून सर कुठल्याही देवळात गेले नाहीत.

"हा माणूस माझाच प्रश्न विचारतोय," सर म्हणाले. "आणि त्याला पाप सांगणाऱ्यांना ह्या पुस्तकात खोटं पाडलंय. तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "उत्तर मात्र देवानं दिलं नाही हो. नुसतं आपलं मोठेपण सांगितलं." त्यावर पास्टर काही बोलले नाहीत. मी पहिल्यांदा त्यांना गप्प बसलेलं बघितलं.

सर आस्तिक झालेत का? नाही. फोनवाल्यांनी निश्चिंत असावं.

पास्टरांची रेघ पाचव्या रविवारी आली. अनीसची भूमिका देवाधर्माला विरोध करण्याची नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला विरोध करण्याची आहे, त्या मजकुराखाली. "हे आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं," म्हणाले. मग २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यावर बोलणं निघालं. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. कायदा कुठल्या एका धर्मापुरता नाही. मी मुद्दाम विचारलं, "आणि चंगाईच्या प्रार्थनेला आलेल्याची गोळी कुणी बंद केली तर?" पास्टर चिडले. आमच्याकडं तसं होत नाही म्हणाले. पुढच्या रविवारी आले तेव्हा स्वतःहून बोलले, की एका बाईनं साखरेची गोळी महिनाभर घेतली नव्हती, त्यांनी विचारलं म्हणून कळलं. तिला दवाखान्यात पाठवलं. प्रार्थना त्यांनी बंद केलेली नाही. देवावरचा विश्वास तसूभर कमी झालेला नाही, हेही ठणकावून सांगितलं.

आता माझं. मी या दोघांचा पंच म्हणून बसलो होतो, पण मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. काही वर्षांपूर्वी मी एका पेपरला बातमी दिली होती, एका घरातल्या प्रार्थनासभेविषयी. 'प्रार्थनेच्या नावाखाली' असं शीर्षक मीच सुचवलं होतं. प्रार्थनेच्या नावाखाली काय, ते बातमीत नव्हतंच. मी त्या घरात गेलो नव्हतो, त्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता, तिथं काय वाचतात ते पाहिलं नव्हतं. आठ दिवसांत त्यांना घरमालकानं खोली सोडायला लावली. पावसाळ्याचे दिवस होते, घरात लहान पोरगी होती. पत्रकारितेच्या पदविकेत दोन्ही बाजू विचारा हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. ती बातमी माझ्याकडं कात्रणात आहे. फाडलेली नाही.

२०२० च्या जानेवारीत आपल्या जिल्ह्यात ९३ वं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? तेव्हा विरोध करणारे जे जे मला भेटले, त्यांना मी विचारायचो, त्यांचं 'सुबोध बायबल' वाचलंय? एकही हो म्हणाला नाही. पण खरं सांगू, कौतुक करणाऱ्यांतही फार थोडे हो म्हणाले. मी तेव्हा स्टॉलवरून ते घेतलं आणि चार वर्षं कपाटात ठेवलं. दिब्रिटो गेल्याची बातमी २०२४ च्या जुलैत आली, त्या रात्री पहिल्यांदा उघडलं. सरांना वाचायला दिलेली प्रत तीच.

वाचण्याची किंमत असते, हेही लपवत नाही. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसानं नवा करार दिला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि संसार फुटला. लक्ष्मीबाईंनी ती वर्षं कशी काढली ते 'स्मृतिचित्रे'त आहे, आयाबहिणींनी जरूर वाचावं. जोतीरावांनी यावर विचार केला होता. अर्धांगवायूनंतर डाव्या हातानं लिहिलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ते एक घर रंगवतात. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झाली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि चौघंही एकाच घरात प्रेमानं नांदतात. हे पुस्तक १८९१ साली छापलं गेलं. आम्हाला २१ व्या शतकात एका टेबलावर दोन पुस्तकं सहन होत नाहीत.

सहा रविवार संपले, पण आम्ही थांबणार नाही. पुढच्या खेपेला पास्टर आगरकर वाचणार आहेत, सर स्तोत्रसंहिता. मी त्या जुन्या बातमीतल्या माणसाचा पत्ता शोधतोय. सोलापूरकडं गेला असं कळलंय.

लाल गोल काढणाऱ्या भाऊ, 'सुबोध बायबल' पुढच्या रविवारी मोकळं होईल. दुपारी तीनला त्याच हॉटेलात या. पंधरा दिवसांसाठी घेऊन जा. पेन्सिल मी देतो. पानांचे कोपरे तेवढे दुमडू नका, सरांना आवडत नाही.