पट्टी उघडता यायला हवी!

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सफाईत आपण माळ्यापासून मोरीपर्यंत सगळं घर लख्ख करतो. राहून जातात त्या फक्त वायरी! टीव्हीमागे केबल, इंटरनेट, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड यांचा असा काही गुंता असतो, की तिथं झाडू घालायचीही भीती वाटते.

वायरी झाकायला पीव्हीसीची पट्टी मिळते. इलेक्ट्रिशियन तिला केसिंग-कॅपिंग म्हणतात. खालचा भाग भिंतीला ठोकायचा, वर झाकण बसवायचं. दिसायला छान; पण एकदा रंगाचा हात फिरला की झाकण चिकटलंच म्हणून समजा. मग नवी वायर सरळ खिळ्यावरून लोंबते.

आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात हा प्रश्न नुसत्या टापटिपीचा नाही. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. उल्हास नदीचं तेच पाणी आमच्या तळमजल्यांतही शिरलं होतं. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरलं की भांडी, गाद्या उन्हात पडतात. पण जमिनीलगतच्या पट्टीत साचलेला गाळ, ओल कोण बघतं? ती दिसत नाही, आणि घाईघाईने मेन स्विच चालू केला जातो. जीव जाऊ शकतो, बायांनो!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पट्टी घरातल्या बाईला उघडता यायला हवी. शाम्पूच्या बाटलीचं झाकण आठवा. बिजागरीच्या जागी प्लॅस्टिक पातळ ठेवलेलं असतं, म्हणून ते हजारो वेळा दुमडलं तरी तुटत नाही. अशाच दुमडत्या झाकणाच्या पट्ट्याही निघाल्या आहेत. बोटाने दाबली की टक्कन मिटते. दुकानात मुद्दाम मागा. आपण मागितलं नाही तर दुकानदार तरी कशाला ठेवेल?

घेताना दोन कप्प्यांची घ्या, नाहीतर दोन वेगळ्या पट्ट्या लावा. 230 व्होल्टची विजेची वायर आणि टेलिफोन-इंटरनेटची केबल एकत्र कोंबू नये. विजेच्या वायरीचं आवरण झिजलं तर करंट दुसरीकडे उतरू शकतो. पट्टी ठासूनही भरू नये, वायरी तापतात. पुराच्या वस्तीत तर पट्टी आणि प्लग वरच घ्यावेत, आणि 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. पट्टी उघडण्याआधी मेन स्विच बंद, हे तर आलंच. पुरानंतर मात्र इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय तो चालू करू नका.

घर बांधताना ओटा किती उंच हवा, हे आपल्याला विचारतात. वायरी कुठून न्यायच्या, हे कुणी विचारत नाही. न विचारताही आपण सांगायला काय हरकत आहे?