पट्ट्यावर बाईचे नाव कुठाय?



मोर्चाला मुंबईत गेलेल्यांना दादरचे शिवाजी पार्क ठाऊक असेल. आधी ते माहीम पार्क होते. १९२७ साली अवंतिकाबाई गोखले या नगरसेविकेने लावून धरले, तेव्हा महाराजांचे नाव लागले. मैदानाला नाव एका बाईच्या शब्दाने लागले, तेही इंग्रजाच्या राज्यात!

त्याच १९२७ साली इंग्रजाने भारतीय वन कायदा केला. जंगल आधीच सरकारी केले होते, आता फास पक्का झाला. जंगलातून मोळी, कंद, मोह आणते कोण? बाईच. म्हणजे चोर ठरली ती. लावणी, बेणणी, कापणी तिची, आणि कागदावर नाव बाप्याचे.

पण सगळे साहेबावर ढकलून चालायचे नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्याला लागू नाही, आपली रूढी चालते. त्या रूढीत लेकीला वाटा किती पाड्यांवर मिळतो? विधवेला दीर हाकलतो तेव्हा पंच का गप्प? वारल्यांचे लग्न लावायला धवलेरी लागते, ती बाईच. मग जमिनीच्या बोलण्यात बाई नको, हे कुठले?

२००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचाय. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावे. दाव्याच्या फॉर्मात दुसऱ्याच ओळीत जोडीदाराचे नाव विचारलेय. ती ओळ कोरी असेल तो दावा वनहक्क समितीने पुढे पाठवू नये. बाईला बोलवावे, नाव भरावे, सही-अंगठा घ्यावा, मग पाठवावा.