भोंग्याच्या मागची माणसे

डिसेंबर 1971 च्या युद्धात परळच्या चाळींनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले आणि भोंगा झाला की दिवे मालवून गॅलरीत कुजबुजत रात्र काढली. त्या पिढीतल्या कोणालाही विचारा, हे सारे त्याला आठवते. पण शत्रूची विमाने येत असल्याचे भोंगा वाजवणाऱ्याला कोण कळवत होते, असे विचारले की सगळे गप्प होतात.

कळवत होती ती सीमेवर टेहळणी करणारी आणि रडारपुढे बसलेली माणसे. रडार रेडिओलहरी सोडते, विमानावर आपटून परतलेल्या लहरी टिपते आणि मधल्या वेळावरून अंतर सांगते. फिरत्या तुकड्यांचे तर सारे बिऱ्हाडच गाड्यांवर. हुकूम आला की एरियल उतरवायचे, जनरेटर जोडायचा आणि नव्या माळावर पुन्हा सारे मांडायचे.

शत्रूला त्यांची किंमत ठाऊक होती. 1965 च्या युद्धात अमृतसरच्या रडारवर पाकिस्तानी हवाई दलाने वारंवार हल्ले केले. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात त्यांचे स्क्वाड्रन लीडर मुनीरुद्दीन अहमद मारले गेले. आपल्या कॅनबेरा विमानांनीही 21 सप्टेंबरला सिंधमधील बदीनच्या रडारवर हल्ला चढवला.

मात्र वैमानिकाचे शौर्य सांगता येते, रडारवाल्याचे सांगता येत नाही. शहरावर बॉम्ब पडला नाही, हेच त्याचे यश. काहीच न घडलेल्या रात्रीची आठवण कोण ठेवणार? म्हणून त्याच्यापुरता साक्षीदार एकच, तुकडीची रोजनिशी.

एका कादंबरीसाठी मी या माणसांचा शोध घेऊ लागलो, तेव्हा हे नीट कळले. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाच्या अशा रोजनिश्या लंडनमध्ये क्यू येथील अभिलेखागारात कोणालाही पाहता येतात. बँकेत आयुष्य काढलेल्या मला अशा नोंदींचे मोल वेगळे सांगायला नको. रोजकीर्द नसेल, तर व्यवहार झाला होता हे सिद्ध कसे करणार?

आपल्या संरक्षण मंत्रालयानेही जून 2021 मध्ये धोरण जाहीर केले, की युद्धविषयक कागदपत्रे साधारणपणे 25 वर्षांत खुली करावीत आणि त्याहून जुनी कागदपत्रे तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावीत. त्या हिशेबाने 1965 आणि 1971 या दोन्ही युद्धांची मुदत केव्हाच उलटली. मोठ्या लढायांचे अहवाल मागणारे पुष्कळ आहेत. माझे मागणे एवढेच, की सिग्नल युनिटांच्या रोजनिश्या या रांगेत शेवटी राहू नयेत.

पण सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आमच्या भागातले एक निवृत्त हवाई सैनिक 1971 मध्ये अशाच फिरत्या तुकडीत होते. ते वारले, पुढे चाळ पुनर्विकासाला गेली आणि सामान हलवताना त्यांची पत्र्याची ट्रंक, आतल्या वह्यांसकट, रद्दीवाल्याकडे गेली. घरच्यांचा तरी काय दोष? गुप्ततेची सवय लागलेल्या त्या माणसाने त्या वह्यांत काय आहे हे कधी सांगितलेच नव्हते.

तेव्हा पंचविशीत असलेला ऑपरेटर आज ऐंशीच्या घरात आहे. तुमच्या मजल्यावर, नात्यात असे कोणी असेल, तर या रविवारीच त्यांच्याकडे जा. लढाईची गोष्ट मागू नका, ते संकोचतील. तुकडी कुठे होती, गाड्या किती होत्या, रात्रपाळीला कोण असायचे, हे विचारा आणि तारखेसह लिहून घ्या.

आणि ट्रंक असेल, तर आधी ती उघडा.