मिश्रीआड लपलेले रक्त

शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या न्हावऱ्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर अजूनही कितीतरी घरांत दिवस मिश्रीने उजाडतो. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, तिची पूड भरलेली लहानशी डबी आणि ती तर्जनीने हिरड्यांवर चोळत बसलेली आई किंवा आजी. "मिश्रीनं हिरड्या घट्ट राहतात, रक्त येत नाही," असे ती सांगते. ती खोटे बोलत नाही. रक्त कमीच येते, पण ते निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्यामुळे.

दातांवरचा चिकट थर काही दिवस तसाच राहिला की त्याचे किटण धरते. ते ब्रशने निघत नाही. हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येते. सावध व्हायची वेळ हीच, कारण इथवरचा आजार पूर्ण बरा होतो. मिश्री नेमकी ही खूणच पुसून टाकते. मग सूज हिरडीखाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. गेलेले हाड सहसा भरून येत नाही. दुखत तर फारसे काही नसतेच. एक दिवस भाकरी चावताना दात हलतो आणि बाई म्हणते, वय झालं.

डॉक्टरांकडून किटण काढून घेतले की दात ढिले होतात, ही समजूतही अशीच घातक. ढिले ते आधीच झालेले असतात, किटणाचा टेकू गेल्यावर ते कळते. साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही, हेही मधुमेहाच्या किती रुग्णांना कोणी सांगितलेले असते?

न्हावऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तिशीपुढच्या प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रमही आहे. म्हणजे त्या तपासणीत बाईचे तोंड उघडून पाहायचेच असते. तेव्हाच हिरडी कुठे खाली सरकली आहे, कुठला दात हलतो, हे पाहून तिला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवावे. आणि "मिश्री लावता का?" हे वेगळे विचारावे. "तंबाखू खाता का?" असे विचारले तर ती "नाही" म्हणेल, आणि तिच्या लेखी ते खरेच असेल.