विश्लेषण : पार्टीसाठी केगभर बीअर मागवताय? आधी हे गणित मांडा

मित्राच्या साखरपुड्याची पार्टी मुळशीजवळच्या एका फार्महाऊसवर होती. पाहुणे ५०, म्हणून त्याने ५० लिटरचा केग मागवला. माणशी एक लिटर, हिशेब संपला! मध्यरात्री केग हलवून पाहिला तर तळाशी तेरा-चौदा लिटर डुचमळत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चाखली तेव्हा फेस नाही, चव नाही, नुसतं आंबूस पाणी. आम्ही दोघेही इंजिनीअर आहोत, हे इथे नाइलाजाने सांगावं लागतंय.

पुण्या-मुंबईत क्राफ्ट बीअर रुळल्यापासून घरगुती पार्ट्यांतही केग दिसू लागले आहेत. बाटल्यांचा अंदाज चुकला तर उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये जातात. केगचं तसं नाही. एकदा नळ लावला की घड्याळ सुरू होतं.

किती लिटरचा केग घ्यायचा?

आपल्याकडे साधारण २०, ३० आणि ५० लिटरचे केग मिळतात. ३३० मिलीच्या ग्लासने मोजलं तर अनुक्रमे ६०, ९० आणि १५० ग्लास. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. ते बहुतेक अमेरिकी मापाचे असतात. तिथला मोठा केग ५८.७ लिटरचा आणि पाइंट ४७३ मिलीचा. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा. आपण ३३० मिलीच्या बाटलीलाच पाइंट म्हणतो. ‘१२० पाइंट लागतील’ हे उत्तर कुठल्या पाइंटमधलं, यावर सगळा हिशेब उलटापालटा होतो.

आता मित्राच्याच पार्टीचे आकडे घेऊ. पाहुणे ५०. त्यातले काका-मामा, लहान मुलं, न पिणारे आणि ‘आज उपवास आहे’वाले वजा केले तर उरले ३०. त्यातल्या १० जणांनी व्हिस्कीचा कोपरा धरला. बीअर पिणारे राहिले २०. म्हणजे पाहुण्यांची संख्या हा आकडा मुळातच निरुपयोगी होता.

पार्टीवाल्यांचा जुना ठोकताळा असा : पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास, पुढच्या प्रत्येक तासाला एक. चार तासांचे झाले पाच ग्लास. २० जणांचे १०० ग्लास, म्हणजे ३३ लिटर. फेसात आणि तळाशी १० टक्के वाया जातात असं धरलं तर ३७ लिटर. मोठे केग घेणारे इथेच फसतात. ३७ च्या वरचा आकडा ५०, म्हणून ५० घेतात. त्यापेक्षा ३० लिटरचा केग आणि ६५० मिलीच्या १२ बाटल्यांचा एक खोका घ्यावा. केगमधून हाती येणारी २७ आणि खोक्यातली ७.८, मिळून जवळपास ३५ लिटर. गरज ३३ ची. उरल्याच तर सीलबंद बाटल्या उरतील.

उरलेली बीअर टिकत का नाही?

ते नळावर अवलंबून आहे. हातपंपाचा नळ असेल तर प्रत्येक दाबाबरोबर बाहेरची हवा आत जाते आणि ऑक्सिजनमुळे बीअर दिवसभरात शिळी होते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर चालणारा नळ असेल आणि केग थंड राहिला, तर तीच बीअर काही आठवडे चांगली राहते. मागवताना हा एक प्रश्न नक्की विचारा. अनामत रक्कम आणि केग परत द्यायची वेळही तेव्हाच लिहून घ्या.

फेसाचं कारण बहुतेकदा तापमान असतं. द्रव गरम झाला की त्यात विरघळलेला वायू बाहेर पडतो, रसायनशास्त्रातलीच गोष्ट. गाडीतून हिंदकळत आलेला केग लगेच उघडला तर अर्धा ग्लास फेसच येणार. तो काही तास बर्फात स्थिर राहू द्या. भरलेला ५० लिटरचा केग ६० किलोंच्या पुढे जातो. तो गच्चीवर कोण नेणार, हेही आधी ठरवा.

आणि घरी कोण सोडणार?

हा भाग यजमान हमखास विसरतात. ३३० मिलीच्या, ५ टक्क्यांच्या बीअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने १०० मिलीमागे साधारण २७ मिलिग्रॅम भर पडते. शरीर तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम कमी करतं. आपल्या हिशेबातल्या पाच ग्लासांचे होतात १३५, चार तासांत गेले ६०, उरले ७५. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३०. पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आकडे ढोबळ आहेत, जेवण आणि वजनाप्रमाणे बदलतील. बाईच्या शरीरात तेवढ्याच बीअरने पातळी आणखी वर जाते. पण मर्यादेच्या दुप्पट हे अंतर जेवणाने भरून निघत नाही. त्या पातळीवरून ३० च्या खाली यायला आणखी तीन तास लागतात.

म्हणजे ज्या गणिताने केग ठरला, त्याच गणिताने गाडीही ठरते. मध्यरात्री मुळशीत कॅब मिळत नाही. १७ सीटची टेम्पो ट्रॅव्हलर आधीच सांगून ठेवली तर तिचं भाडं ‘बीअरचा खर्च’ या रकान्यातच लिहावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कागदपत्रांचंही तसंच. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. बीअरसाठी वय किमान २१ हवं. पार्टीत मद्य द्यायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा स्वतंत्र परवाना यजमानाने काढायचा.

लग्नानंतरच्या पार्टीत मित्राने ३० लिटरचा केग, एक खोका आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर मागवली. केग सव्वाअकराला संपला. खोक्यातल्या चार बाटल्या उरल्या, त्या अजून त्याच्या फ्रिजमध्ये आहेत.