परराज्यात असताना गर्भपात सेवा : कायदा आठवडे मोजतो, राज्य नाही

बीडहून कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली किंवा झारखंडहून दिल्लीत घरकामाला आलेली महिला गर्भपातासाठी सरकारी रुग्णालयात गेली, तर "तुमच्या गावी जा" असे उत्तर मिळू शकते. या उत्तराला कायद्याचा आधार नाही.

कायदा काय म्हणतो?

1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा देशभर लागू आहे. त्यात रहिवासी दाखल्याची अट नाही. संमतीच्या 'फॉर्म सी'मध्ये तर कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता यांसाठी वेगवेगळी जागा आहे.

महत्त्वाचे आहेत ते आठवडे. 20 आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचे मत पुरते. गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हेही मान्य कारण आहे. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ही मुभा ठरावीक गटांनाच आहे : उदाहरणार्थ, बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या महिला. 24 आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. म्हणून गावी जाण्यायेण्यात गेलेले दोन आठवडे महिलेचा हक्कच घालवू शकतात.

2022 चे प्रकरण

मूळची मणिपूरची, दिल्लीत राहणारी 25 वर्षांची अविवाहित महिला न्यायालयात गेली. 5 जुलैच्या सोनोग्राफीत गर्भ 22 आठवड्यांचा होता. अविवाहित असल्याने उच्च न्यायालयाने दिलासा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने 21 जुलैला वैद्यकीय मंडळाच्या तपासणीच्या अटीवर परवानगी दिली. तोवर 16 दिवस गेले होते. 29 सप्टेंबरच्या निकालाने अविवाहित महिलांनाही 20 ते 24 आठवड्यांची मुभा दिली. कुटुंबाची संमती किंवा न्यायालयाचा आदेश अशा कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असेही बजावले.

तुम्ही काय करावे?

• 18 वर्षे पूर्ण असल्यास फक्त तुमची संमती पुरते. पतीची सही लागत नाही. वय कमी असल्यास पालकांची संमती लागते.
• तुमचे नाव गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे.
• प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सेवा असतेच असे नाही. नकार मिळाल्यास कारण लेखी मागा आणि वेळ न घालवता जिल्हा रुग्णालयात जा.
• आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातील योजनेच्या रुग्णालयातही चालते. तुमचा उपचार त्यात बसतो का, हे 14555 वर आधी विचारा.